खिल्लारेंच्या अंगणातल्या बादल्या

कोंडिराम खिल्लारे तीस वर्षांत एकदाही कामावरून थेट घरी आले नाहीत. आधी हजेरी शेडच्या नळाखाली साबण लावून दोनदा अंघोळ व्हायची, खाकी कपडे तिथेच धुऊन तिथेच दोरीवर पडायचे, आणि मग पांढरा सदरा घालून स्वारी भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या घराकडे निघायची. ते सफाई कामगार होते. मिरा-भाईंदरची नगरपालिका नवी नवी झाली तेव्हा लागले आणि तिची महानगरपालिका होऊन बरीच वर्षं लोटल्यावर निवृत्त झाले. झाडणं, गटार उपसणं, गाडी भरणं, सगळं केलं. कामाची त्यांना लाज नव्हती. लाज घाण करणाऱ्याला हवी, काढणाऱ्याला कशाला, असं ते कुणालाही ऐकवत. पण घरात तो वास शिरता कामा नये हा त्यांचा हट्ट होता, आणि हट्टाला कारण एकच, त्यांचा मुलगा जीवन.

जीवन सहावीत असताना मुकादमाने कोंडिरामांना नेमकी त्याच्या शाळेची गल्ली नेमून दिली. कोंडिरामांनी गुपचूप एका जोडीदाराशी अदलाबदल केली. त्याने शाळेची गल्ली झाडायची आणि त्याच्या वाट्याचं मोठं गटार यांनी उपसायचं. चार वर्षं ते गटार त्यांनी उपसलं आणि घरी अवाक्षर काढलं नाही. घरी कळलं ते निवृत्तीच्या दिवशी. निरोपाच्या कार्यक्रमात मुकादमाने ती गोष्ट रंगवून सांगितली, लोक पोट धरून हसले. जीवन तोवर एका बँकेत अधिकारी झाला होता. त्याने हातातला पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

महिन्याभरात त्याने आईवडिलांना मिरा रोडला आपल्या फ्लॅटवर नेलं. आता बाबांनी आरामात बसायचं, असं त्याचं म्हणणं. बसणं हे एकच काम कोंडिरामांना कधी जमलं नव्हतं. सातव्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघत ते ओला-सुका एकत्र टाकणाऱ्यांचा उद्धार करत, आणि त्यांच्या पत्नी वैजयंताबाई म्हणत, "आवं, हळू बोला की. लिफ्टमधी तीच माणसं भेटत्यात."

भाईंदरचं घर असं बरीच वर्षं कुलपात राहिलं. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे शहाबादी फरशीचं अंगण आणि कोपऱ्यात शेवगा. हिंगोलीकडच्या गावातून आलेल्या या नवराबायकोने नव्वद साली स्वतः विटा वाहून ते उभं केलं होतं. तेव्हा भोवती मोकळं रान होतं. आता चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि अंगणात ऊन दुपारचं तासभर येऊन जायचं. खोक्यांचा एक व्यापारी गोदामासाठी जागा मागत होता, आणि जीवन त्याला होकार द्यायच्या बेतात होता.

तेवढ्यात मनाली शिगवण आडवी आली. ही शेजारच्या शिवसमर्थ सोसायटीची सेक्रेटरी. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरी तालुक्यातलं, तोंडाने फटकळ, मनाने चांगली. महापालिकेने सोसायटीला आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं होतं, आणि आवार म्हणाल तर पार्किंगमध्ये मांजराला अंग टाकायला जागा नव्हती.

"काका, तुमचं अंगण पडूनच आहे ना?" ती फ्लॅटवर येऊन म्हणाली. "खताला वापरू द्याल का आम्हाला? तुमची नुसती देखरेख असली तरी बास."

कोंडिरामांचे डोळे लकाकले. जीवन समोरच बसला होता, त्याने ते बघितलं. मनाली गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, "घर तुमचं आहे, बाबा. नको म्हणणारा मी कोण? पण एक सांगून ठेवतो. तुमचा हात मला दुसऱ्याच्या कचऱ्यात दिसला, तर त्या दिवशी गोदामवाल्याला किल्ली देणार."

"दिसणार न्हाई," कोंडिराम म्हणाले, आणि वैजयंताबाईंनी मान डोलावून साक्ष दिली.

म्हणून त्या अंगणाचा नियम ठरला. ज्याने त्याने आपली बादली आणायची, आपल्या हाताने निवडायची, देठं-सालं बारीक करायची, भोकं पाडलेल्या पिंपात टाकायची आणि वर लाकडाचा भुसा पसरायचा. दर चार दिवसांनी पिंपं हलवायची पाळी सगळ्या घरांना वाटून दिलेली. कोंडिरामांनी खुर्चीवर बसायचं आणि तोंड चालवायचं. सुरुवातीला लोक नाकाला रुमाल बांधून आले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर भाजीच्या चिमट्याने कांद्याची सालं उचलली. कोंडिराम म्हणाले, "ताई, काल हाच कांदा तुम्ही हातानं चिरला. रातीतनं त्याला काय झालं?" बाई हसल्या आणि चिमटा परत घरी गेला.

हळूहळू घर भरलं. वैजयंताबाईंनी पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडलं आणि जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायला बायका जमू लागल्या. लवू मांडवकर नावाचा निवृत्त सुतार रोज दुपारी येऊन मोडक्या खुर्च्या नि छत्र्या दुरुस्त करत बसे, भुसाही तोच कुठल्याशा कारखान्यातून मिळवी. स्टीलची शंभर ताटं वर्गणीतून घेतली. वाढदिवस असो की हळद, ताटं इथून न्यायची आणि घासून परत आणायची. नया नगरहून एक खाला बंद पडलेला मिक्सर घेऊन आल्या आणि जाताना मेथीचं बी घेऊन गेल्या. मागच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली कोंडिरामांची खाट. दोघं आता सोमवार ते शुक्रवार इथेच राहत. जीवन अधूनमधून येई, दारातून नजर टाकी, बाप खुर्चीत बसलेला दिसला की चहा घेऊन जाई. सहा महिने असे गेले.

मग गणपती आले.

शिवसमर्थमधली निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं रत्नागिरी-रायगडची. गावच्या गाडीचं तिकीट चार-चार महिने आधी हिशेबाने काढणारी ही माणसं. पण पिंपं हलवायच्या पाळ्यांची यादी करताना मनालीने सप्टेंबरचा पहिला पंधरवडा नेमका यांच्यातच वाटून टाकला होता, आणि यादी भिंतीवर महिनाभर लटकत असून एकालाही ते दिसलं नव्हतं. लक्षात आलं ते बॅगा भरताना. अंगणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच कल्लोळ उडाला. शेवटी मनालीने लिहिलं, "टेन्शन घेऊ नका. काका आहेत ना इथे. त्यांच्याकडे गणपती नसतो."

वैजयंताबाईंनी ते वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर कोंडिरामांना राग आला नाही. गणपती नसतो हे खरंच होतं. उलट आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, याचं त्यांना थोडं बरंच वाटलं. माणसाचं मन असं असतं, त्याला काय करणार?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी फाटक उघडलं तर बाहेर सव्वीस बादल्या रांगेत उभ्या होत्या. आठवडाभर घर बंद राहणार म्हणून प्रत्येकीने फ्रिज रिकामा केला होता. आंबलेलं डोशाचं पीठ, उरलेली भरली वांगी, वास मारणारी सुरमईची डोकी. काही बादल्यांवर चिठ्ठ्याही होत्या. 'काका, सहाची गाडी आहे, प्लीज.' 'खिल्लारे काका, आल्यावर गावची काकडी आणते.' जे गावी जाणार नव्हते त्यांनीही ही रांग बघून आपापली बादली शेवटी टेकवली होती.

कोंडिराम बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, मासळीची एकच तेवढी करू, नाहीतर दुपारपर्यंत गल्लीला श्वास घेता येणार नाही. ती झाली. तिच्या शेजारची अर्धी सांडली होती, तीही केली. वैजयंताबाई आतून म्हणाल्या, "आवं, काय करायलाव?" ते म्हणाले, "झालंच." संध्याकाळपर्यंत नऊ बादल्या झाल्या होत्या. त्यांचे हात आपसूक चालत होते. काच कुठे असेल, ब्लेड कुठे असेल, हे बोटांना आधी कळत होतं, आणि एवढ्या वर्षांनी बोटांना ते अजून कळतंय याचं त्यांना नवल वाटत होतं. दिलेला शब्द आठवत होता. पण जीवन काही आज यायचा नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बँकेला सुट्टी, हातात इडलीचं पार्सल. चौदावी बादली चालू होती. कोंडिराम उकिडवे बसले होते आणि कुणाच्या तरी भाजीच्या लगद्यातून बाळाचा लंगोट ओढून काढत होते. हातमोजे नव्हते. त्यांना सावली दिसली, मग बूट दिसले, आणि वर बघायचा धीर झाला नाही.

जीवनने आवाज चढवला नाही. घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या दुमडल्या, वडिलांशेजारी उकिडवा बसला आणि पुढची बादली ओढली.

"तू हात लावू नको," कोंडिराम म्हणाले.

"का?"

"नको म्हणतो ना."

"तुम्हाला चालतं, मला का नाही?" जीवनने बादलीत हात घातला.

कोंडिरामांनी झटकन त्याचं मनगट धरलं. धरलं आणि मग त्यांना दिसलं. इतकी वर्षं ज्यासाठी दोन-दोनदा अंघोळ केली, चार वर्षं गटार उपसलं, तेच झालं होतं. मुलाच्या पांढऱ्या बाहीवर त्यांच्या हाताची घाण लागली होती. त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही, कारण डोळे पुसायला स्वच्छ हात नव्हता.

जीवनने नळावर हात धुतले, बाही धुतली. "मला त्या माणसांचा राग नाही, बाबा," तो म्हणाला. "ती चांगली आहेत. पण चांगली माणसंच असं करतात. मी पुढच्या रविवारी गोदामवाल्याला बोलावतोय." इडलीचं पार्सल खाटेवर ठेवून तो गेला.

कोंडिराम पायरीवर बसून राहिले. वैजयंताबाईंनी त्यांच्या हातावर तांब्याने पाणी घातलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं व्हतं का हात घालायला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. दिसलं की राहवत न्हाई मला."

"तेच तर समद्यांना ठावं झालंय," वैजयंताबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांना इडलीसोबत गिळता आलं नाही. दुपारी ते उठले. उरलेल्या बारा बादल्यांची झाकणं घट्ट बसवली, वर एकेक वीट ठेवली, खडूने झाकणावर फ्लॅटचे नंबर लिहिले आणि शेवग्याखाली रांग लावली. नंतर फाटकावर कागद चिकटवला, 'बादली ठेवून जाऊ नये.'

पुढचे आठ दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात जड दिवस होते. गटारात उतरणं सोपं, पण समोर कुजणारी बादली बघत हात मांडीवर ठेवून बसणं महाकठीण. तिसऱ्या दिवशी माशा आल्या. पाचव्या दिवशी झाकणाच्या फटीतून अळ्या बाहेर येऊन विटेवर चढल्या. कोंडिराम रात्रीचे दोनदा उठत आणि वैजयंताबाई अंथरुणातूनच म्हणत, "झोपा." मागे राहिलेल्या बिऱ्हाडांनी ग्रुपवर तक्रारी केल्या. काका आजारी आहेत का, असंही कुणी विचारलं. वैजयंताबाईंनी उत्तर टाकलं, 'ठणठणीत आहेत.' एवढंच.

गौरी-गणपती करून मंडळी परतली आणि रविवारी सकाळी अंगणात जमली. गावची काकडी आली होती, खाजा आला होता, आणि नाकाला पदरही होते. जीवन अकरा वाजता येणाऱ्या गोदामवाल्याची वाट बघत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. कोंडिराम खुर्चीत बसले होते. त्यांनी आदल्या दिवशी दाढी केली होती आणि पांढरा सदरा घातला होता.

"काका, असं काय केलंत?" मनाली म्हणाली. "तुमच्या भरवशावर तर गेलो आम्ही. निदान एक मेसेज तरी टाकायचा."

"चौदा बादल्या केल्या मी, मनालीताई," कोंडिराम म्हणाले. "ती चूक माझी. ह्या बारा तुमच्या."

लवूने खाली बघितलं. त्याच्या घराचा नंबर तिसऱ्या झाकणावर होता. तेव्हा जितेशभाई पुढे आले. केबिन रोडला होजिअरीचं दुकान, दानधर्माला हात सढळ, शंभर ताटांतली चाळीस त्यांचीच. ते तर गावालाही गेले नव्हते. बादली मात्र रांगेत होती.

"काका, देखो, गुस्सा नका करू," ते समजुतीने म्हणाले. "आपण असं करू ना, सोसायटी तुम्हाला महिन्याला काही देईल. तुम्हीच करा सगळं. आम्हाला जमत नाय, तुम्हाला सवय आहे."

ते मनापासून बोलत होते, हीच तर पंचाईत होती. कोंडिरामांनी आयुष्यात बऱ्याच शिव्या ऐकल्या होत्या आणि त्यांना उत्तरं तयार होती. चांगुलपणाला उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"सवय नव्हती, जितेशभाई," ते म्हणाले. "नोकरी व्हती. तिचा पगार घेतला आणि ती संपली. हे माझं घर आहे. घरी कुणी नोकरीवर नसतं."

जितेशभाईंचा चेहरा उतरला, कारण माणूस खरोखरच वाईट नव्हता. दोन बायका हळूच फाटकाबाहेर गेल्या. त्यांच्यासह एकूण सात घरं त्यानंतर कधी आली नाहीत, हेही सांगायला हवं.

मनाली तशीच उभी होती. मग तिने पदर कमरेला खोचला, आपल्या नंबरच्या बादलीवरची वीट उतरवली आणि झाकण उघडलं. दुसऱ्याच क्षणी ती तोंड फिरवून शेवग्याच्या बुंध्याशी ओकली. कोंडिराम अर्धवट उठले होते. वैजयंताबाईंनी मागून त्यांचा सदरा धरला, आणि ते पुन्हा खाली बसले.

"पाणी पी आधी," ते म्हणाले. "मग तोंडानं श्वास घे, नाकानं नको. पहिल्या दिवशी मीबी ओकलो व्हतो. अळ्यांना भिऊ नको, त्या आपल्याच कामाच्या. भुसा जास्तीचा घाल."

तिने भुसा घातला. लवूने आपली बादली ओढली. जितेशभाईंनी इकडे-तिकडे बघितलं, सोन्याची अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि विचारलं, "काका, हे फुलांचे दोरे पण टाकायचे क्या?"

"दोरा काढा. फूल राहू द्या."

जीवनचा फोन वाजला. खोक्यांचा व्यापारी केबिन रोडच्या नाक्यावर उभा राहून गल्ली विचारत होता. जीवनने अंगणाकडे बघितलं. दहा-बारा माणसं उकिडवी बसली होती, आणि एकट्या त्याच्या वडिलांचे हात कोरडे होते.

"नाही शेठ, येऊ नका," तो म्हणाला. "जागा रिकामी नाही." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "माझे वडील शिकवतात इथे." पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. "कचऱ्याचं काम शिकवतात. तीस वर्षं सफाई कामगार होते ते."

हे त्याने एवढ्या मोठ्याने सांगितलं की सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. कोंडिरामांनी वळून बघितलं नाही. ते लवूला म्हणाले, नारळाच्या शेंड्या वेगळ्या काढ, त्या लवकर कुजत नाहीत. लवूने मान डोलावली, तरी त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.